शितावरून भात: पेशी काय दाखवते आणि काय बघते

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की आपल्या रक्तातली टी सेल, म्हणजे जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी, जंतूला थेट बघतच नाही, दुसऱ्या पेशीने त्याचा तुकडा धरून दाखवला तरच तिला कळतं. त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली, मेल आले, एका आजोबांनी तर फोन करून वीस मिनिटं विचारलं. मला खूप बरं वाटलं, कारण मी २६ वर्षं टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये काम केलंय, म्हणजे किडनी किंवा बोनमॅरो द्यायच्या आधी दोन माणसांच्या पेशी जुळतात का ते बघायचं काम, आणि हा "दाखवण्याचा" प्रकार मी रोज समोर बघितलाय. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला. नावं छापत नाहीये, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न: मॅम, मी लातूरला नीटची तयारी करतेय. बुकमध्ये दिलंय की बी सेल अँटिजेनला डायरेक्ट ओळखते आणि टी सेलला मात्र तो एमएचसीवर प्रेझेंट केलेला लागतो. क्लास वन जवळपास सगळ्या पेशींवर, क्लास टू फक्त एपीसीवर, सगळं पाठ आहे. पण का? दोघींना सारखाच रिसेप्टर का नाही? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेत एवढं येत नाही.

उत्तर: बाळा, पाठ असूनही "पण का" विचारलंस ते फार छान केलंस. नावं आधी आणि कारण नंतर, किंवा कारण नाहीच, अशी आपली पुस्तकं असतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण या विषयात कारण एकदा कळलं की निम्मं पाठांतर आपोआप गळून पडतं.

इतर वाचकांसाठी आधी शब्द सांगते: अँटिजेन म्हणजे जे ओळखायचं ते, रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यावरचा ओळखणारा रेणू, एमएचसी म्हणजे तुकडा धरून दाखवणारा रेणू (क्लास वन आणि क्लास टू हे त्याचे दोन प्रकार), आणि एपीसी म्हणजे अँटिजेन दाखवणं हेच काम असलेल्या पेशी. आता बी सेल घे, अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी. तिच्या पडद्यावर, मेम्ब्रेनवर, जो रिसेप्टर असतो तो म्हणजे अँटिबॉडीच, फक्त शेपटीकडून पडद्यात रोवलेली. रक्तात किंवा लाळेत जंतू मोकळा फिरत असेल तर त्याचा बाहेरचा आकार जसा आहे तसा ती धरते. मोकळ्या जंतूसाठी हे उत्तम आहे. पण व्हायरस मोकळा फार वेळ राहतच नाही नं. हिपॅटायटिस बी यकृताच्या पेशीत शिरला की तो आत, अँटिबॉडी बाहेर, आणि रिसेप्टर कुठलाही असो तो पडद्याच्या बाहेरच्या अंगाला असतो, त्याला समोरच्या पेशीचा फक्त पृष्ठभाग लागतो, आत काय शिजतंय ते त्याला दिसायची सोयच नाही. मग आजारी पेशी आणि शेजारची निरोगी पेशी यातला फरक बाहेरून कळायचा कसा?

तर निसर्गाने सोय अशी केलीय की जवळपास प्रत्येक पेशीनेच आपल्या आतलं थोडं थोडं बाहेर आणून दाखवत राहायचं. आपण भात झाला का बघायला पातेलं उलटं करतो का? एक शीत काढतो, बोटात चेपतो, कळतं. तस्संच आहे हे. पेशीत जी प्रोटीन्स तयार होतात त्यातली जुनी, बिघडलेली, नको असलेली सतत प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात जाऊन तुटतात, त्याचे बारके तुकडे टॅप नावाच्या पंपाने एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यात, ओढले जातात, तिथे क्लास वनचा रेणू नुकताच घडत असतो आणि त्याच्या माथ्यावर एक खोबण असते. त्या खोबणीत ८ ते १० अमिनो आम्लांचा एक तुकडा नीट बसला तरच तो रेणू घट्ट होतो आणि वर पडद्यावर जातो, रिकामा असेल तर डळमळतो आणि सहसा मोडीत निघतो. म्हणजे रिकामं ताट घेऊन कुणी पंगतीत येतच नाही. आणि हे आजारापुरतं नाही, आत्ता तू हे वाचतेयस तेव्हाही तुझ्या अब्जावधी पेशी हेच करतायत, आणि बाहेर आणलेले जवळपास सगळे तुकडे तुझे स्वतःचेच आहेत. टी सेल येते, चाचपते, आपलंच आहे म्हणून पुढे जाते. व्हायरस आत असेल तर त्याचंही प्रोटीन तिथेच बनतं, तेही त्याच प्रोटिअसोममध्ये तुटतं, आणि त्याचा एखादा तुकडा खोबणीत बसून वर येतो. तेवढ्यावर सीडी८ वाली मारक टी सेल ती पेशी संपवते (सीडी८ आणि सीडी४ ही टी सेलच्या पडद्यावरच्या खुणांची नावं).

व्हायरसला हे कळत नाही असं समजू नकोस हं. ओठावर ज्वर उमटतो ना, तो हर्पीसचा व्हायरस एक छोटं प्रोटीन बनवतो आणि ते जाऊन टॅपचा पंपच बुजवतं, तुकडे वर जातच नाहीत. एचआयव्हीचं नेफ नावाचं प्रोटीन क्लास वनचे रेणू पडद्यावरून खाली ओढतं. पण मग ताटच गायब झालेली पेशी एनके, म्हणजे नॅचरल किलर, या दुसऱ्या मारक पेशीच्या नजरेत भरते, कारण तिचं काम उलटं आहे, क्लास वन दिसला नाही की तिला संशय येतो. मला या दोन पेशींची जोडी शिकवताना आजही अंगावर काटा येतो.

आता तुझा खरा प्रश्न, टी सेलला एमएचसी लागतोच हे कळलं कसं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीटर डोहर्टी, मूळचे जनावरांचे डॉक्टर, आणि स्वित्झर्लंडहून आलेले रॉल्फ झिंकरनागेल एकाच लॅबमध्ये काम करत होते. उंदरांना मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक व्हायरस द्यायचा आणि त्यांच्या मारक टी सेल्स काढून बशीत व्हायरस लागलेल्या पेशींवर सोडायच्या. त्याच जातकुळीच्या उंदराच्या पेशी मेल्या. पण दुसऱ्या जातकुळीच्या उंदराच्या पेशी, तोच व्हायरस असूनही, मेल्या नाहीत! व्हायरस तोच, टी सेल तीच, तरी ओळख नाही. म्हणजे टी सेल नुसता व्हायरस बघत नव्हती, व्हायरस अधिक "आपला" एमएचसी असं दोन्ही मिळून बघत होती. हे १९७४ साली छापून आलं आणि १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं. ते "दोन्ही मिळून" म्हणजे नक्की काय हे मात्र पुढे तेरा वर्षं कुणाला डोळ्यांनी दिसलं नव्हतं. १९८७ साली हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ या माणसाच्या क्लास वन रेणूचा स्फटिक करून एक्स-रेने त्याची रचना काढली, तर माथ्यावर खोबण, आणि खोबणीत काहीतरी अजून, जे त्या रेणूचं स्वतःचं नव्हतंच. तो होता पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा बारका तुकडा, ते शीत. ते चित्र मी पहिल्यांदा फोटोकॉपीवर बघितलं होतं, काळंपांढरं, अस्पष्ट, आणि तरी कितीतरी वेळ बघत बसले होते.

क्लास टू कशाला वेगळा, तर बाहेरचा माल दाखवायला. डेंड्रिटिक सेल, मॅक्रोफेज, बी सेल या बाहेरचं गिळणाऱ्या पेशी, गिळलेलं आम्लाच्या पिशवीत तुटतं आणि ते क्लास टू वर बसतं, मग सीडी४ वाली मदतनीस टी सेल ते बघते. गंमत अशी की क्लास टू सुद्धा क्लास वन जिथे बनतो तिथेच बनतो, मग त्याच्या खोबणीत तिथलेच आतले तुकडे का नाही बसत? कारण तयार झाल्या झाल्या इनव्हेरिअंट चेन नावाचा एक बोळा खोबणीत कोंबलेला असतो, आम्लाच्या पिशवीत पोचल्यावर तो बोळा कापला जातो, उरलेला क्लिप नावाचा तुकडा एचएलए-डीएम काढून टाकतो आणि मग जागा मोकळी होते. क्लास टूची खोबण दोन्ही टोकांना उघडी, म्हणून तुकडेही लांब चालतात, साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचे. आता सांग, सीडी८ ला क्लास वन आणि सीडी४ ला क्लास टू हे पाठ करावं लागेल का? आतला बिघाड दाखवणारीला मारायचं असतं, बाहेरचं गिळून दाखवणारीला मदत करायची असते, आणि तिलाच मारून टाकलं तर दाखवणार कोण. (डेंड्रिटिक सेल्स बाहेरून गिळलेलं कधीकधी क्लास वनवरही दाखवतात, पण ते परीक्षा झाल्यावर वाच.)

प्रश्न: ताई, आमच्या चिपळूणकडे पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, आई त्याच्यावर शेक द्यायची. जखम घोट्याला आणि गाठ जांघेत, असं का? तुम्ही लिहिलेल्या दाखवादाखवीशी याचा संबंध आहे का?

उत्तर: दादा, संबंध आहे, आणि तुम्ही काट्यावरूनच विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण हा सगळा विषय सुरूच काट्यावरून झाला. १८८२ साली इटलीत मेसिनाला इल्या मेचनिकॉव्ह या रशियन संशोधकाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून ठेवले आणि सकाळी बघितलं तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या, जणू गिळायलाच. गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथून आली. त्यांचाच ओडेसामधला विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन, ज्यांनी मुंबईत प्लेगची लस केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पण अवधाणाचं मुख्य पात्र वेगळं आहे. आपल्या कातडीत फांद्या फुटल्यासारख्या पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याला त्या पहिल्यांदा दिसल्या, फांद्या बघून त्याला त्या मज्जातंतूच्या वाटल्या, आणि शंभर वर्षं त्यांचं खरं काम कुणाला कळलं नाही. १९७३ साली न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी सापडल्या आणि त्यांनी नाव दिलं डेंड्रिटिक सेल. मॅक्रोफेज भरपूर गिळतो पण बहुतेक सगळं पचवून टाकतो, डेंड्रिटिक सेल थोडंच घेते पण ते जपून धरून दाखवते, आणि कधी न भेटलेल्या जंतूची ओळख टी सेलला करून द्यायची म्हणजे हीच लागते.

काटा रुतला की त्याच्याबरोबर बॅक्टेरिया आत गेले. डेंड्रिटिक सेलच्या पडद्यावर दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर असतात, टोल-लाइक रिसेप्टर. हे एका ठरावीक जंतूला ओळखत नाहीत, तर जंतूंच्या सगळ्या जमातीत असतात अशा ढोबळ खुणांना ओळखतात, बॅक्टेरियाच्या आवरणातली चरबीसाखर वगैरे. (यातला टोल हा पहिला फळमाशीत सापडला, बुरशीशी लढायला तिला तो लागतो हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं, आणि १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरात त्याचा भाऊबंद शोधला.) ती खूण लागली की डेंड्रिटिक सेल जागा सोडते, लिम्फच्या नळीतून वर निघते, आणि पायाकडून येणारी वाट जांघेतल्या गाठींपाशी पोचते, म्हणून गाठ तिथे. वाटेत ती गिळलेल्याचे तुकडे क्लास टू वर चढवते आणि शिवाय बी७ नावाचा अजून एक रेणू पडद्यावर आणते. हा बी७ फार महत्त्वाचा. टी सेलला नुसता तुकडा दिसून चालत नाही, समोरच्या पेशीवर बी७ ही दिसावा लागतो, तो टी सेलच्या सीडी२८ ला लागतो, तेव्हाच ती कामाला लागते. तुकडा दिसला पण बी७ नाही असं झालं तर टी सेल उलट गप्प होते, कारण धोक्याची खूण नाही म्हणजे ते बहुधा आपलंच काहीतरी असणार.

आणि गाठ सुजते का, तर एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी सेल लाखात एखादी असते, कधी दहा लाखात एक. ती नेमकी भेटावी म्हणून गाठीतून रक्तातल्या टी सेल्स सतत फिरवल्या जातात, जी जुळते तिला तिथेच थांबवून तिच्या प्रती काढल्या जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, काही दिवसांत हजारो. गाठ फुगते ती या गर्दीने. तुमच्या आईने शेक दिला त्याने दुखणं कमी झालं असेल, पण गाठ लाल होऊन फार दुखायला लागली, ताप आला किंवा दोनतीन आठवड्यांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

स्टाइनमन यांच्याबद्दल एक सांगते. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्याच डेंड्रिटिक सेल्सपासून केलेल्या लसी स्वतःवर घेतल्या, चार वर्षांहून जास्त जगले, आणि २०११ सालचं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी गेले. समितीला ते माहीतच नव्हतं. गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत, पण त्यांचं कायम ठेवलं. ते बक्षीस हॉफमन आणि ब्यूटलर यांच्याबरोबर वाटून होतं, म्हणजे टोलवाले दोघे आणि फांद्यांवाले एक.

प्रश्न: माझं बाळ नऊ महिन्यांचं आहे, पनवेलला असतो आम्ही. डॉक्टरांनी टायफॉइडची लस सांगितली. माझ्या मोठ्या भाच्याला मात्र दोन वर्षांचा झाल्याशिवाय देता येत नाही म्हणाले होते. नियम बदलला की लस?

उत्तर: लस बदलली, आणि बदल अगदी आपल्या विषयातला आहे. टायफॉइडच्या बॅक्टेरियावर साखरेच्या साखळ्यांचं एक आवरण असतं, त्याला व्हीआय म्हणतात. भाच्याच्या वेळच्या लसीत नुसती ही साखर होती. बी सेलचा रिसेप्टर साखर छान धरतो, पण पुढे मदतनीस टी सेलची मदत हवी तर तिला खोबणीत काहीतरी दाखवायला पाहिजे, आणि एमएचसीच्या खोबणीत बसतात प्रोटीनचे तुकडे, ही साखर बसत नाही. म्हणून टी सेलला पत्ताच लागत नाही. मोठ्यांच्या बी सेल्स टी सेलच्या मदतीशिवाय थोड्याफार अँटिबॉडी करतात, दोन वर्षांखालच्या बाळाच्या जवळपास करतच नाहीत, आणि ज्यांना होतात त्यांच्यातही आठवण टिकत नाही, म्हणून ती लस दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागायची.

नवीन लसीत तीच साखर एका प्रोटीनला जोडलेली असते, बहुतेक वेळा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, टिटॅनस टॉक्सॉइडला. आता बघा काय होतं. बी सेल साखर ओळखून धरते आणि ओढून आत घेते, साखरेला चिकटलेलं प्रोटीनही आपसूक आत येतं, तुटतं, आणि त्याचा तुकडा क्लास टू वर बसून बाहेर येतो. मदतनीस टी सेल तो टिटॅनसचा तुकडा ओळखते आणि त्या बी सेलला मदत देते. मदत मिळाली टिटॅनसच्या ओळखीवर, अँटिबॉडी झाली साखरेविरुद्ध! दोघींनी एकाच वस्तूची दोन वेगळी टोकं ओळखली आणि तरी काम जुळलं. मला विचाराल तर लसींच्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे. म्हणून ही लस सहा महिन्यांपासून देता येते. तुमच्या बाळाला पेंटाव्हॅलंटमधून मिळालेली हिबची लस आणि न्यूमोनियाची पीसीव्ही या दोन्ही याच पद्धतीच्या, आणि याच पद्धतीने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी मेनअफ्रिव्हॅक केली, एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. ती डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झाली आणि जिथे जिथे दिली तिथून तो ए प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला. बाळाला लस जरूर द्या.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. मुलाची माँटू टेस्ट केली, तिसऱ्या दिवशी हातावर टणक फुगवटा आला, घरात सगळे घाबरलेत. टीबी झालाच असं समजायचं का? आणि रिझल्टला दोनतीन दिवस का लागतात, डास चावला तर लगेच फुगतं की.

उत्तर: घाबरू नका. त्या सुईत जिवंत जंतू नसतात, टीबीच्या जंतूची शुद्ध केलेली प्रोटीन्स असतात. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन टीबीचं औषध म्हणून आणलं होतं, औषध म्हणून ते फसलं, पण टेस्ट म्हणून टिकलं.

डासाच्या चाव्याला जी अँटिबॉडी लागते ती आधीच कातडीतल्या मास्ट सेल्सवर चिकटून तयार बसलेली असते, म्हणून मिनिटांत गांध उठते. माँटूमध्ये आधी कातडीतल्या पेशींनी ते प्रोटीन गिळायचं, तोडायचं, क्लास टू वर मांडायचं, मग रक्तातून जाणाऱ्या ज्या सीडी४ टी सेल्सना टीबीची आठवण आहे त्यांनी ते ओळखायचं, हाक घालायची, आणि मॅक्रोफेज गोळा व्हायचे. फुगवटा टणक लागतो तो या गोळा झालेल्या पेशींमुळे, आणि याला ४८ ते ७२ तास जातात. म्हणून लाली मोजत नाहीत, टणकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात.

पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की मुलाच्या टी सेल्स या जंतूला किंवा त्याच्या भाऊबंदाला कधीतरी भेटल्यात. बीसीजीमुळेही ती येऊ शकते. आजार आहे की नाही ते एक्स-रे, वजन, खोकला, ताप, थुंकीची तपासणी यावरून डॉक्टर ठरवतात. आणि निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नसतं, कुपोषण, गोवर, एचआयव्ही यात सीडी४ च लंगड्या पडतात आणि टीबी असून फुगवटा येत नाही. घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, ते फार महत्त्वाचं.

प्रश्न: मॅडम, आम्ही सांगलीचे. माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे. मी किडनी द्यायला तयार आहे, रक्तगट एकच आहे दोघांचा, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, आणि शेवटी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली म्हणून नाही म्हणाले. नीट कुणी समजावलं नाही. तीस वर्षं संसार केला, दोन मुली आहेत, माझंच काही तिला कसं काय चालत नाही?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यात काही खोट नाही आणि वहिनींच्यातही नाही, हे पहिल्यांदा सांगते.

रक्तगट म्हणजे लाल पेशींवरच्या खुणा. लाल पेशींना केंद्रक नसतं आणि वर ज्या एमएचसीबद्दल लिहिलं, माणसात त्यालाच एचएलए म्हणतात, तो त्यांच्यावर जवळजवळ नसतोच. किडनीच्या पेशींवर मात्र तो ठासून भरलेला असतो. रक्तगट मोजके, एचएलएचे प्रकार मात्र आजवर हजारोंनी नोंदलेत, सगळी जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर, अर्धी आईकडून अर्धी बापाकडून. इतके प्रकार कशाला, तर प्रत्येकाची खोबण थोडी वेगळी, त्यात बसणारे तुकडे वेगळे, म्हणजे एखादा व्हायरस एकाच्या खोबणीतून निसटला तरी शेजाऱ्याच्या खोबणीत अडकेल. माणसांच्या जमातीला याने वाचवलंय, आणि दात्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यानेच अडवलंय.

आता तुमचं. मुली पोटात असताना त्यांच्या पेशींवर अर्धे एचएलए तुमचे होते. वारेचा बाहेरचा थर आईला ते सहसा दाखवत नाही, म्हणून तर बाळ नऊ महिने सुखरूप राहतं, पण बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातातच, बाळंतपणात तर जास्त. आईच्या बी सेल्सना ते परके एचएलए दिसतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. सगळ्याच बायकांना होतात असं नाही, पण बाळंतपणं जितकी जास्त तितकी शक्यता जास्त. त्या अँटिबॉडी, किंवा त्यांची आठवण असलेल्या पेशी, वर्षानुवर्षं टिकतात. वहिनींना डायलिसिसमध्ये रक्त चढवलं असेल तर त्यातल्या पांढऱ्या पेशींनी भर पडली असेल. म्हणजे वहिनींचं शरीर तुम्हाला कितीतरी वर्षांपूर्वीच भेटलंय, तुमच्या मुलींमधून, आणि ते विसरलेलं नाही. क्रॉसमॅचमध्ये आम्ही हेच बघतो, दात्याच्या पांढऱ्या पेशी, त्यावर घेणाऱ्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, त्यातच अँटिबॉडी असतात, आणि सशाचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशीला भोकं पाडणारी रक्तातली प्रोटीन्स. अँटिबॉडी असली की पेशींना भोकं पडतात, त्या रंग पितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसतात, जिवंत असलेल्या चमकत राहतात. आता बऱ्याच ठिकाणी फ्लो सायटोमीटर आणि मण्यांच्या टेस्ट आल्यात, त्या आणखी बारीक अँटिबॉडीही पकडतात. पॉझिटिव्ह असताना तशीच किडनी बसवली तर ती टेबलावरच, मिनिटांत किंवा तासांत, निकामी होऊ शकते. तुम्हाला नाही म्हणाले ते बरोबरच केलं, पण तुम्हा दोघांना बसवून हे सांगायला हवं होतं.

तुम्हाला एक माहीत असावं म्हणून सांगते. एचएलए हा प्रकार माणसाला कळला त्यात अशाच आयांचा मोठा वाटा आहे. १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये जॉन व्हॅन रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना बाळंतिणींच्या सीरममध्ये या अँटिबॉडी सापडल्या, त्याच वर्षी पॅरिसला जाँ दोसे यांनी वारंवार रक्त घेतलेल्यांच्या सीरमवरून पहिला एचएलए ओळखला. पुढे १९६४ मध्ये पॉल तेरासाकी यांनी बारक्या खळ्यांच्या ट्रेमध्ये एकेका थेंबावर टेस्ट करायची पद्धत काढली आणि कितीतरी वर्षं जगभरच्या लॅब्जमध्ये त्या ट्रेमधलं सीरम असायचं ते बहुतेक अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांचं. मीही त्या ट्रेवर शिकले. प्रत्येक खळीत कुठल्यातरी आईच्या शरीराने लक्षात ठेवलेला एक बाप असायचा, आणि त्या जोरावर आम्ही दुसऱ्याच कुणाचा दाता शोधायचो.

आता पुढे काय. मुली देऊ म्हणतील, पण त्यांच्यावरही तुमच्याकडचे अर्धे एचएलए आहेत, वहिनींच्या अँटिबॉडी नेमक्या त्यांच्याविरुद्ध असल्या तर मुलींचीही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून अँटिबॉडी कुठल्या एचएलएविरुद्ध आहेत ती सविस्तर टेस्ट आधी करून घ्या. वहिनींचे सख्खे भाऊबहीण असतील तर त्यांना जरूर विचारा, प्रत्येक भावंडाचे पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते आणि तिथे तुमचे एचएलए येतच नाहीत. औषधं आणि प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी उतरवतात काही ठिकाणी, खर्चिक आहे आणि धोका आहे, पण पर्याय आहे. आणि स्वॅप म्हणून एक सोय आहे, तुमच्यासारखंच अडलेलं दुसरं जोडपं असेल, त्यांची किडनी वहिनींना चालत असेल आणि तुमची त्यांच्या माणसाला, तर अदलाबदल करता येते, जवळच्या नात्यातल्या दात्यांसाठी २०११ च्या दुरुस्तीने कायद्यातही ते बसवलंय आणि नवरा-बायको त्या नात्यात धरतात. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना स्पष्ट विचारा की आमचं नाव स्वॅपच्या यादीत घातलंय का, आणि मृत दात्याच्या प्रतीक्षायादीतही नोंद ठेवा, दोन्ही एकाच वेळी चालतं. अँटिबॉडीचा रिपोर्ट आला की मासिकाच्या पत्त्यावर त्याची प्रत पाठवा, मी वाचून तुम्हाला फोन करते.